भाऊजी, तुमची बाजू मी मांडली

भाऊजी, काल दुपारी तुम्ही येऊन गेलात.

पाऊस जरा उघडला होता. आपल्या खोल्यांत उतरलेले पाहुणे जेवून किनाऱ्यावर गेले होते आणि मी मागच्या पडवीत चटई टाकून आडवी झाले होते. पाऊस उघडल्यावर आपल्या वाडीत हिरवा अंधार पसरतो, पाण्याच्या तळाशी बसून वर बघावं तसा. त्यात तुम्ही पोफळींमधून चालत येत होतात. चपला हातात, विजार पोटरीपर्यंत दुमडलेली, खांद्याला ती कापडी पिशवी. घाई नव्हती, तुम्हाला कधीच नसायची. पायरीशी येऊन उभे राहिलात तर मी म्हटलं, "आधी पाय धुऊन या, चिखल आणू नका घरात." तेवढ्यात माडाची झावळी धाडकन पडली आणि मला जाग आली.

म्हणजे बघा. गेलेला माणूस भेटायला येतो आणि मी त्याला पाय धुवायला पाठवते. दुसरी कुणी असती तर रडली असती, काही मोलाचं विचारलं असतं. मी चिखलाचं बोलले.

तुम्ही कधी गेलात, कशाने गेलात, ते सगळं नाक्यावरच्या फलकावर लिहून झालंय. तुमच्या कॉलेजच्या मुलांनी तुमचा फोटो कुठल्याशा लग्नातला शोधून काढला, फेटा बांधलेला. खाली लिहिलं, 'इतिहासाचा चालताबोलता खजिना हरपला.' बाजारात जाताना मी त्या फलकाखालून जायचे आणि तुमचा आवाज ऐकू यायचा, "खजिना म्हणजे नक्की काय काय, वहिनी? आणि मोजला कुणी?" पावसाने फलक आता फिका झालाय. फेटा तेवढा राहिलाय.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझा हा धाकटा दीर कॉलेजात इतिहास शिकत होता. पुढे तालुक्याच्या कॉलेजात तो इतिहास शिकवायला लागला, एवढाच काय तो बदल. लग्न केलं नाहीत. का, असं विचारलं की म्हणायचात, "मला तारखा लक्षात राहत नाहीत, बायकोचा वाढदिवस विसरेन." इतिहासाचा मास्तर, आणि तारखा लक्षात राहत नाहीत. मी ही गोष्ट पाहुण्यांना अजून सांगते. फार हसतात.

दर वर्षी नवी मुलं आली की एका रविवारी तुम्ही त्यांना दिवेआगरला घेऊन यायचात. मला आधी वाटायचं, किनारा दाखवायला आणता, नाहीतर माझ्या हातचे मोदक खायला. पुष्कळ उशिराने कळलं की मला दाखवायला आणत होतात.

"ह्या माझ्या वहिनी. वादळात ह्या इथेच होत्या. विचारा त्यांना काय ते," एवढं बोलून तुम्ही झोपाळ्यावर जाऊन बसायचात. मुलं फोन पुढे करायची आणि मी सुरू व्हायचे. कौलं कशी कबुतरांसारखी उडाली, पोफळी एकमेकींच्या गळ्यात पडून कशा मोडल्या, समुद्र कसा देवळापर्यंत आला. एकदा एका किडकिडीत मुलीने मध्येच विचारलं, "काकू, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे... मी माजघरात होते गं. पलंगाखाली."

"मग कौलं उडताना कुणी पाहिली?"

झोपाळ्याच्या कड्या करकरायच्या थांबल्या. तुम्ही खाली मान घालून हसत होतात. तुमच्या वर्गात तो नियमच होता: माणूस बोलेल त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे लिहायचं, ह्याने हे पाहिलं, ऐकलं, की ह्याला तसं वाटलं. माझ्या तासाभराच्या वादळात 'पाहिलं' असं शेवटी एकच वाक्य निघालं, पलंगाखालच्या कोळ्याच्या जाळ्याचं.

पण मी सुधारले नाही. पुढच्या वर्षी मी पलंगाखालून बाहेर आले. त्याच्या पुढच्या वर्षी तर मी एक वासरूही वाचवलं. आपल्याकडे वासरू नव्हतं. तुम्ही ही सगळी वादळं मुलांना ओळीने ऐकवायचात म्हणे. नंतर त्यांना सांगायचात, "वहिनी खोटं बोलत नाहीत, गोष्ट सांगतात. गोष्ट कुठे सुरू झाली ते ज्याला ओळखता येतं, त्याला कोर्टात, वर्तमानपत्रात, सरकारी कचेरीत, कुठेही काम आहे." हे मला तुमच्याच विद्यार्थ्यांनी सांगितलं. तुम्ही माझ्यासमोर कधी असं काही बोलला नाहीत. समोर फक्त "आणखी एक मोदक आहे का?"

ती दगडाची डोण आठवते? विहिरीजवळची, माझ्या सासऱ्यांच्या काळात गुरं पाणी प्यायची ती. मी एका पाहुणीला सहज म्हटलं होतं की पूर्वी एका परदेशी गलबताच्या कप्तानाची बायको तीत आंघोळ करायची. त्या बाईच्या लहान मुलाला डोण आवडली होती, त्याला काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं. एवढंच. पुढे एके दिवशी आपण दोघं अंगणात उभे असताना मंग्या रिक्षा घेऊन आला, पाच-सहा माणसं भरून, आणि थेट विहिरीकडे घेऊन गेला त्यांना.

"ह्या डोणीत गोऱ्या कप्तानाची राणी आंघोळ करायची," मंग्या सांगत होता. "नारळाच्या दुधात. व्हय, जुनी मानसं सांगतात."

तुम्ही माझ्याकडे वळून शांतपणे म्हणालात, "जुनी माणसं म्हणजे तुम्ही."

"नारळाचं दूध माझं नाही," मी म्हटलं. "ते त्याचं आहे."

मंग्या तुमचाच विद्यार्थी. बी. ए., इतिहास. त्या दिवशी माझ्या हातात आयतं कोलीत मिळालं आणि मी ते पुष्कळ वर्षं फिरवलं. "माझ्या गोष्टींवर हे घर चालतं, भाऊजी. पाहुणे येतात, परत येतात. तुमच्या इतिहासावर कुणाचं चालतंय? हा बघा तुमचा पदवीधर, रिक्षा चालवतो." तुम्ही चिडाल असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "रिक्षा वाईट चालवत नाही तो. आणि पाहुणे इतक्या रिक्षा सोडून त्यालाच शोधत येतात, का ते बघा कधी."

आपलं भांडण असं वर्षानुवर्षं चाललं. पावसाळ्यात बंद पडायचं नाही, उन्हाळ्यात आटायचं नाही. 'इतिहास घेऊन पुढे काय?' हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत कुणी ना कुणी विचारायचंच, आणि कुणी विचारलं नाही तर मी विचारायचे. तुम्ही कधी मोठी मोठी नावं फेकली नाहीत. म्हणायचात, "सगळ्यांना नोकरी लागत नाही, आणि मी त्यांना तसं पहिल्याच दिवशी सांगतो. डोक्यात इतिहास असू दे, पण हाताला एक काम शिका. मोडी वाचायला शिका, जुनी घरं मोजून कागदावर उतरवायला शिका, माणसांना बोलतं करायला शिका. काहीही एक, पण नीट."

आणि मग पुरावे जेवायला घेऊन यायचात. रोह्याकडचा तो मोडीवाला मुलगा आला होता, जमिनीचे जुने कागद घेऊन लोक त्याच्या दारात बसलेले असतात म्हणे. जेवताना तो आमटीकडेसुद्धा एक डोळा बारीक करून बघत होता. म्हसळ्याची नाझनीन आली होती, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात काम करणारी. मी तिला विचारलं, तू तिथे करतेस काय? तर म्हणाली, "काकू, वस्तूखाली जी चिठ्ठी असते ना, ही काय आहे, कुठली आहे, ती मी लिहिते. अब्बांना वाटायचं मी कुवेतला चाचांकडे जाऊन ऑफिसात बसेन. आता तेच सगळ्यांना सांगत फिरतात, माझी बेटी चिठ्ठ्या लिहिते, पन काचेतल्या."

ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे बघत बसलात. मी म्हटलं, "अशा किती?" तुम्ही म्हणालात, "थोड्या." आणि दोघंही हसलो. त्या हसण्याचं मला आता फार मोल वाटतं. तुम्ही आकडा वाढवून सांगू शकला असतात. मी असते तर वाढवला असता.

मग सईची पाळी आली. माझी मुलगी, तुमच्या कॉलेजात गेली, तुमचाच विषय घेतला, तोपर्यंत मी हसत होते. पण तिने तो दूरच्या गावचा अभ्यासक्रम शोधून काढला. जुने कागद, जुन्या पोथ्या, खराब झालेल्या, वाळवी लागलेल्या, त्या दुरुस्त करून जपायच्या. दोन वर्षं. तिची निवड झाली आणि घरात पेढे आले, ते तुम्ही आणलेत. मी खाल्ला नाही. मला म्हणे दाढ दुखत होती.

आपलं शेवटचं भांडण पेढे आणलेत त्याच रविवारी झालं. मी बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होते. तुम्ही न सांगता समोर पाट घेऊन बसलात आणि सोलायला लागलात. वाल तुम्ही वाईट सोलायचात, अर्ध्या डाळिंब्या मोडून टाकायचात, पण मी काही बोलले नाही, कारण मला वेगळं बोलायचं होतं.

"दोन वर्षं कागद चिकटवायला शिकायचं?" मी म्हटलं. "इथे राहून बी. एड. करू दे. शाळेत लागेल. पाहुण्यांचं आरक्षण वगैरे बघेल. माझे डोळे आता त्या मोबाईलवर टिकत नाहीत."

"वहिनी, वादळानंतर दादाने पोफळीची रोपं लावली. फळ धरायला किती वर्षं लागतात?"

"लागतात पुष्कळ. त्याचं काय?"

"त्याला तुम्ही कधी विचारलंत, पुढे काय म्हणून?"

मोठा डाव टाकला होतात. ह्यांनी वादळानंतर महिनाभर कुणाशी न बोलता खड्डे खणले होते, मी बघत होते, आणि मी खरंच त्यांना काही विचारलं नव्हतं. पण मी हरणारी नव्हे. मी म्हटलं, "पोफळ घर सोडून जात नाही, भाऊजी."

तुमचे हात थांबले. चष्मा काढलात, सदऱ्याला पुसलात, परत लावला नाहीत. समुद्राचा आवाज तेव्हा फार जवळ वाटला. मला कळलं की तुम्हाला कळलं. मी इतकी वर्षं नोकरीचं बोलत होते, पोटाचं बोलत होते. खरं म्हणजे ओसरीवर संध्याकाळी दोघांनीच बसायचं कसं, हा माझा प्रश्न होता. त्याला इतिहासाची काही गरज नव्हती. ती डॉक्टर व्हायला निघाली असती तरी मी दाढ धरून बसले असते.

तुम्ही उठलात. हात धुतलेत. "बाकीचं पुढच्या खेपेला," म्हणालात. पिशवी घेतलीत आणि मंग्याच्या रिक्षात बसून गेलात.

बाकीचं काय होतं, भाऊजी? मी ते फार वेळा मनात जुळवून बघितलं. कधी तुम्ही म्हणता, मी येत जाईन की संध्याकाळचा. कधी म्हणता, तिला अडवू नका. कधी नुसतंच, वाल खारट करू नका. प्रत्येक वेळी वेगळं. तुमच्या मुलांनी माझ्याकडून ते लिहून घेतलं तर प्रत्येक वाक्यापुढे 'वाटलं' लिहावं लागेल.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सई चहा घेताना म्हणाली, "आई, मी नाही जात. कळवून टाकते त्यांना."

शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी जिंकले होते. मुलगी घरात राहणार, बी. एड. करणार, ओसरीवर तिसरी खुर्ची राहणार. पण समोरचा पक्ष हजर नाही म्हणून निकाल माझ्या बाजूने लागला होता, आणि असा निकाल मला कसा गोड लागणार? तुमच्याशी भांडून जिंकले असते तर गावभर सांगत फिरले असते.

मी म्हटलं, "का गं?"

"तूच म्हणायचीस ना, कागद चिकटवायला कशाला जायचं."

"मी काय, मी पुष्कळ म्हणते. माझं कुणी मनावर घेतं का?"

मग मी तुमची बाजू मांडायला बसले. फार वाईट मांडली. मोडीवाला मुलगा सांगितला तर त्याचं गाव चुकलं. नाझनीनची चिठ्ठी सांगितली तर सई म्हणाली, "आई, तुझा आवाज खोटा येतोय." पोफळीचं सांगितलं, तर तिने नुसतं वाडीकडे बघितलं. हे दारात उभे होते. हे बोलतात कमी, तुम्हाला माहीत आहे, घरातलं सगळं बोलणं मी वापरून टाकते म्हणून. तरी म्हणाले, "जा गं पोरी. वाडी कुठे पळून जात नाही." आणि छत्री घेऊन पावसात निघून गेले, डोळे दिसू नयेत म्हणून.

सईने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "काका नाहीत आता. मी तिथे शिकले, काही चांगलं केलं, तर परत येऊन कुणाला दाखवू? कुणाला कळणार आहे इथे?"

एवढंच होतं, भाऊजी. मी पोटाचं म्हणत आले आणि मनात ओसरी होती. तिने नको म्हटलं, आणि मनात तुम्ही होतात. आम्ही मायलेकी एकाच मातीच्या.

"मला दाखव," मी म्हटलं.

"तुला काय कळणार त्यातलं?"

"काही नाही. म्हणून तर तुला नीट सांगावं लागेल. काकांना अर्ध्या वाक्यात कळायचं, त्यांना सांगण्यात काय कौतुक? मला समजावून दाखव."

ती हसली नाही. उठली, पेला विसळला आणि आत गेली. शुक्रवारपर्यंत ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. न विचारता राहणं हे माझ्या आयुष्यातलं मोठं काम म्हणून धरायला हरकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी बघते तर माळ्यावरची बॅग खाली काढून ती पुसत बसली होती. बुरशी आली होती बॅगेला. मी ओलं फडकं आणून दिलं.

तिला सोडायला आम्ही दोघं गेलो. तिकडचं स्टेशन, तिकडची भाषा, तिथला कोरडा वारा, मला काही आवडलं नाही. तुमची आठवण काढून तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ बोलले. परत येताना हे म्हणाले, "गप्प का आहेस?" मी म्हटलं, "भांडतेय." त्यांनी कुणाशी ते विचारलं नाही.

त्यानंतर वाडीत तुम्ही मला अधूनमधून दिसता. पोफळींच्या मागे, पाऊस थांबला की. नवी रोपं आता माझ्या कमरेच्या वर आली आहेत, त्यांच्यातून वाकून जाता. मला वाटतं तुम्ही तिथे काही शोधता. मी हाक मारत नाही. हाक मारली की तुम्ही जाता, हे एव्हाना कळलंय मला.

आज संध्याकाळी सईचा फोन आला.

"आई, आज मला पहिलं बाड दिलं."

"काय आहे त्यात?"

"माहीत नाही. ओल लागून सगळी पानं एकमेकांना चिकटलीत. दिवसभर बसले तेव्हा कुठे थोडी सुटी झाली."

"त्यांच्यावर काय लिहिलंय?"

"ते मी नाही वाचत. वाचणारे दुसरे असतात. मी फक्त पानं सोडवायची, न फाटता."

भाऊजी, एवढ्या लांब जायचं, दोन वर्षं शिकायचं, आणि वाचायचंसुद्धा नाही? दुसऱ्या कुणाला वाचता यावं म्हणून नुसती पानं सोडवत बसायचं? ह्याला काय म्हणायचं, सांगा बघू. मी लगेच तुमच्याकडे वळले. खरंच मान वळवली. झोपाळा रिकामा होता. एरवी तुम्ही काय म्हणाल ते मला तुमच्याआधी ठाऊक असायचं, पण ह्याच्यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते काही केल्या सुचेना.

फोनमधून सई म्हणाली, "आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. पण सोडवायची कशी? नीट सांग. मला काही कळत नाही."

मग ती सांगायला लागली. आधी पानांना वाफ कशी द्यायची, फार दिली तर शाई कशी पसरते, पातळ सुरी कोपऱ्यातून कशी सरकवायची, पान सुटायला लागलं की बोटांना कसं कळतं. मध्येच तिचा आवाज वर जायचा, मध्येच हळू व्हायचा, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा. बाहेर ओसरीवर पाहुणे चहासाठी खाकरत होते. हे उठून आत गेले आणि स्वतःच आधण ठेवलं, भांड्यांचा आवाज करत. सई बोलत होती. अंधारून आलं तरी बोलत होती.

भाऊजी, पहिल्यांदाच कुणी मला काही सांगत होतं आणि मी मध्ये बोलले नाही.